९०.४ मधला ठिपका: कॉलेज रेडिओच्या लाइव्ह कार्यक्रमाच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नोंदवही आजपासून. मागच्या वर्षीच्या मुलांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी केलेल्या चुका आम्हाला पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागणार. पुढच्या बॅचने निदान नव्या तरी कराव्यात.

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतींना लावलेला फोम आणि गच्चीवरचा मनोरा. नियमाने मनोऱ्याची उंची तीस मीटरच्या आत आणि प्रक्षेपणाची ताकद शंभर वॅटच्या आत ठेवावी लागते. सपाटीवर दहा-बारा किलोमीटर ऐकू जातं, टेकडीपलीकडे खरखर.

ठरलं ते असं: १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन. १९४६ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचं रेडिओ केंद्र सुरू झालं, म्हणून युनेस्कोने हा दिवस निवडला. त्या संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमधून मुलांचं गाणं-वाजवणं थेट प्रक्षेपित करायचं. चार गट आहेत: हॉस्टेलच्या पोरांचं भजनी मंडळ, कॉमर्सच्या चौघांचा बँड, स्वतःची गाणी गिटारवर म्हणणारी सेकंड इयरची एक मुलगी आणि संबळ-ढोलकीची जोडी.

कॉलेजकडून पाच हजार मिळाले. तीन हजार पोस्टरला, दोन हजार साउंडला. पोस्टर माझ्याकडे, साउंड फिजिक्सच्या एका मुलाकडे (यापुढे ‘साउंडवाला’). आम्ही दोघं एकमेकांच्या कामात पडणार नाही असं मोठ्या समजूतदारपणे ठरवलं. पुढची निम्मी भानगड तिथून सुरू झाली.

गुरुवार, ९ जानेवारी

आजचा दिवस गाण्यांच्या यादीत गेला. बँडला दोन सिनेमातली गाणी घ्यायची होती. केंद्रप्रमुख मॅडम नाही म्हणाल्या. कॉलेजच्या आत कार्यक्रमात म्हणणं वेगळं आणि एफएमवरून गावभर सोडणं वेगळं. त्या गाण्यांचा परवाना आपल्याकडे नाही. बँडवाले तासभर रुसले.

भजनी मंडळाला वाटलं, आपल्याला ही अडचण नाही, अभंग तुकोबांचा आहे. मॅडमनी विचारलं, “शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?” मंडळ गप्प. रेकॉर्डवर गाजलेली चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते, आणि आपल्याकडे कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. शेवटी मंडळातल्या एकाच्या आजोबांकडून दिंडीत म्हणतात ती जुनी वारकरी चाल शिकायची ठरली. पोरं शनिवारी गावी जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून आणणार. (आणली. आजोबांच्या खोकल्यासकट.)

रविवार, १२ जानेवारी

पोस्टरचा पहिला कच्चा नमुना.

आधी फ्लेक्सचा विचार केला होता. स्वस्त पडला असता. पण चौकात आधीच वाढदिवसाचे एवढे फ्लेक्स आहेत की आमचा त्यात कुणाच्या तरी काकाचा वाढदिवस वाटला असता. डिजिटल प्रिंटला ए-थ्रीचे पंचवीस रुपये, म्हणजे ऐंशी प्रतींचे दोन हजार. आमच्या स्क्रीन प्रिंटिंगला त्याहून जास्त पैसे लागले आणि अडीच आठवडे गेले, हे आत्ताच सांगून टाकते. घाई असेल तर डिजिटल करा. आम्हाला मोठा कागद, सपाट भडक रंग आणि हाताने काम शिकायची हौस होती.

आज तीन गोष्टी चुकल्या.

पहिली: मथळ्यात ‘जिवंत संगीत’ लिहिलं. मराठीच्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “मग एरवी मेलेलं वाजवता का?” ‘थेट संगीत’ लिहून पाहिलं, ते सरकारी परिपत्रकासारखं झालं. ‘लाइव्ह’ ठेवलं. बोलताना सगळे तेच म्हणतात.

दुसरी: पोस्टर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इलस्ट्रेटरमध्ये, जोडाक्षरं फुटली. ‘विद्यार्थ्यांचे’ लिहिलं तर वेलांटी द्यच्या डोक्यावर, रफार भलतीकडे, आणि ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचे तीन तुकडे. मी एक संध्याकाळ एकेक मात्रा हाताने सरकवून दुरुस्त करत बसले. हा शुद्ध मूर्खपणा होता. प्रेफरन्समध्ये टाइपखाली भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची एक खूण असते. ती केली की परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर मिळतो. तो निवडल्यावर सगळं एका क्षणात जागेवर बसलं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा त्रासच नाही.

तिसरी चूक तेव्हा चूक वाटली नव्हती. मी बारीक, देखणा फॉन्ट निवडला आणि ९०.४ हा आमच्या केंद्राच्या फ्रीक्वेन्सीचा आकडा खाली कोपऱ्यात, छोटा, शांत ठेवला. मला वाटलं सुरेख दिसतंय.

गुरुवार, १६ जानेवारी

संक्रांतीची सुटी झाल्यावर कामाला हात लावला. गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांकडून बोल्टिंग क्लॉथ (बारीक जाळीचं कापड) ताणलेल्या दोन लाकडी फ्रेम घेतल्या, साडेचारशेला एक. इमल्शन (उजेडात घट्ट होणारा लेप) तीनशे ऐंशी. दोन रंगांची शाई पाचशे वीस. मोठे चाळीस कागद चौदा रुपयांप्रमाणे पाचशे साठ. ते अर्धे कापले की पंधरा बाय वीस इंचाची ऐंशी पोस्टरं. ट्रेसिंग पेपरवर काळे पॉझिटिव्ह काढले, दोनांचे एकशेवीस. बेरीज दोन हजार चारशे ऐंशी. बरं चाललंय असं वाटलं.

इमल्शन जाळीवर ओढून अंधारात वाळवलं. अंधारासाठी स्टेशनरीच्या कपाटामागची खोली, खिडकीला घोंगडी. हे काम पिवळ्या बल्बखाली करतात. आम्ही बल्बला लाडवाच्या डब्यावरचा पिवळा जिलेटिन कागद गुंडाळला, तो अर्ध्या तासात वितळला. इमल्शनला उजेड जाणवावा म्हणून त्यात सेन्सिटायझर घालतात, त्यात बायक्रोमेट असतं. हातमोजे घाला. मी एका हाताला घातला, दुसऱ्या हातावर तीन दिवस पुरळ होतं.

एक्सपोजरसाठी, म्हणजे जाळीला उजेड द्यायला, पेटी नाही, म्हणून गच्चीवर ऊन. जाळी, त्यावर पॉझिटिव्ह, त्यावर काच. काकांनी सांगितलं होतं, “उन्हात मोजून-मापून करा.” मी नव्वद सेकंद दिली, कारण नव्वद हा आकडा डोक्यात होता. दुसरं कारण नव्हतं.

शनिवार, १८ जानेवारी

पहिला रंग, काळा. अकरा कागद ओढून झाले तेव्हा फर्स्ट इयरची एक मुलगी दारातून मोठ्याने वाचत आली: “रेडिओ नऊशे चार?”

ठिपका नव्हता. ९०.४ मधला ठिपका छापलाच गेला नव्हता. मग खाली पाहिलं तर ‘सगीत’, ‘सध्याकाळी’, ‘रग’. एकाही अक्षरावर अनुस्वार नाही.

कारण काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. पॉझिटिव्हवरच्या काळ्या भागाखाली इमल्शन मऊ राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं; तिथून शाई उतरते. ऊन जास्त वेळ दिलं की उजेड काळ्याच्या कडेखालून आत शिरतो. मोठ्या अक्षराची कड थोडी झिजते, पण एवढासा ठिपका चारी बाजूंनी आवळला जाऊन बंद होतो. इंग्रजीत आयवरचा ठिपका गेला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे अनुस्वार गेला की शब्दच बदलतो. ‘रंग’ची ‘रग’ झाली.

अकरा कागद वाया. फ्रेम ब्लीचिंग पावडरने धुऊन पुन्हा कोट केली. यावेळी शहाणपणा करून पुठ्ठा सरकवत चाचणीपट्टी घेतली: तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद सेकंद. आमच्या गच्चीवर जानेवारीतल्या दुपारी बाराला पंचेचाळीस बरोबर आलं. तुमचं वेगळं येईल. इमल्शन, जाळी आणि ऊन, तिन्ही बदलतं. चाचणीपट्टीला दहा मिनिटं लागतात. मला ती न घेतल्याचे दोन दिवस लागले.

सोमवार, २० जानेवारी

नुसतं एक्सपोजर सुधारून भागणार नव्हतं, कारण त्या मुलीचा प्रश्न डोक्यात राहिला. तिने पोस्टरवर पहिल्यांदा वाचली ती फ्रीक्वेन्सीच. आणि मी ती कोपऱ्यात ठेवली होती! रेडिओचं पोस्टर आहे. हॉलमध्ये येतील ते येतील, बाकीच्यांना हा आकडा लावूनच ऐकायचंय.

सगळं मोडलं. बारीक फॉन्ट काढून ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ घेतला, मोफत आणि गुबगुबीत. त्यातले अनुस्वारही मी हाताने आणखी फुगवले. ९० आणि ४ कागदभर मोठे, काळे. मधला ठिपका काळ्यातून काढून टाकला आणि दुसऱ्या रंगाच्या फ्रेममध्ये घेतला: लाल, पुरीएवढा, आकड्यांच्या थोडा खाली उतरलेला. त्यात एक पातळ रिकामं कडं सोडलं. आता तो तबल्याच्या शाईसारखा दिसतो. ढोलकीवाला म्हणाला ढोलकीच्या. असो.

आकडे देवनागरी की इंग्रजी, यावर भांडण झालं. मोबाइलवर आणि गाडीतल्या रेडिओवर इंग्रजी आकडेच दिसतात, असं साउंडवाल्याचं म्हणणं. मुद्दा बरोबर होता. मोठे देवनागरी ठेवले आणि खालच्या ओळीत छोटे इंग्रजी. क्यूआर कोडही घालायचा होता, पण आमच्या जाळीवर त्याचे चौकोन भरून गेले. सोडून दिला.

बुधवार, २२ आणि गुरुवार, २३ जानेवारी

काळा रंग उरलेल्या एकोणसत्तर कागदांवर नीट आला. दुसऱ्या दिवशी लाल. फ्रेम टेबलाला दोन बिजागऱ्यांवर बसवली आणि कागद दर वेळी एकाच जागी यावा म्हणून पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवले. त्यातला एक मधेच सुटला हे लक्षात येईपर्यंत पाच पोस्टरांवरचा ठिपका शून्याच्या पोटात गेला. चौसष्ट उरली.

वाळत घालायला जागा म्हणून स्टुडिओबाहेरच्या व्हरांड्यात सुतळ्या बांधून चिमट्यांनी टांगली. शाईचा आणि ती पातळ करायच्या रिड्यूसरचा वास दाराखालून आत गेला. दुपारचा शेतीविषयक कार्यक्रम चालू होता. निवेदिका ‘हरभऱ्यावरील घाटेअळी’ म्हणताना खोकली, पुन्हा म्हणाली, पुन्हा खोकली, मग तिने ध्वनिमुद्रित भाग लावून दार उघडलं आणि मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. पोस्टरं जिन्यात हलवली.

सोमवार, २७ जानेवारी

आजचा दिवस लिहायला नको वाटतोय.

बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होते. आमच्याच आवारात ज्युनियर कॉलेज आहे. ते परीक्षाकेंद्र आहे. हॉल दहा तारखेपासून परीक्षेच्या ताब्यात, बाकं तिथे लागणार, आणि परीक्षा चालू असताना आवारात लाउडस्पीकर शक्यच नाही. हे गाव जाणतं, शाळेतली पोरं जाणतात. गेल्या ऑक्टोबरपासून भिंतीवर टांगलेल्या वेळापत्रकावर लिहिलेलं आहे. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्ही सगळे ‘रेडिओ दिन, रेडिओ दिन’ करत होतो. हॉलचा अर्ज घेऊन मी आज ऑफिसात गेले, तेव्हा क्लार्क बाईंनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. बस.

हॉलचा अर्ज सगळ्यात आधी करायचा असतो, पोस्टर नंतर. ही नोंदवहीतली सगळ्यात महाग ओळ आहे.

मार्चमध्ये नेलं तर आमच्याच परीक्षा. म्हणून अलीकडे: शनिवार, ८ फेब्रुवारी. पाच दिवस गेले. आणि जिन्यात चौसष्ट पोस्टरांवर ‘१३ फेब्रुवारी, गुरुवार’.

बुधवार, २९ जानेवारी

तिसरी फ्रेम, साडेचारशे. पहिला विचार असा होता की जुन्या तारखेवर काळी पट्टी ओढायची आणि पट्टीत नवी तारीख कोरून रिकामी सोडायची. कागदाच्या रंगात ‘८ फेब्रुवारी’ दिसेल. स्क्रीनवर झकास दिसलं. छापल्यावर कोरलेल्या अक्षरांच्या आतून जुनी तारीख डोकावू लागली. ८ च्या पोटात १३ चा १. सहा पोस्टरं गेल्यावर थांबले. रिकाम्या जागेतून खालचं दिसणारच, हे मला कागदावर आठवायला हवं होतं.

मग साधा उपाय. जुन्या तारखेवर एक जाड तिरकी काट, वर मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत ‘८ फेब्रुवारी, शनिवार, संध्या. ६’. लपवाछपवी नाही. अठ्ठावन्न पोस्टरं तयार. रिड्यूसर आणखी नव्वदचा. एकूण तीन हजार वीस. वीस रुपये माझे.

काट मारलेली तारीख बघायला माणसं थांबतात, हे नंतर कळलं. मुद्दाम केलंय का असं दोघांनी विचारलं. मी हो म्हणाले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

पोस्टर लावणं. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. काकांची शिकवण. सार्वजनिक भिंतींवर चिकटवायचं नाही. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे, आणि त्याहून मोठा म्हणजे प्राचार्यांचा धाक. आठ दूध संकलन केंद्रं, दोन वाचनालयं, एस.टी. स्टँडजवळच्या टपऱ्या, सलूनं, आणि कॉलेजचे फळे. दूध केंद्रांची कल्पना मामांची (आमचे शिपाई मामा). सकाळ-संध्याकाळ तिथे रांग असते आणि रांगेत माणसाला वाचायला काही नसतं. मी कॅफेंची यादी केली होती. गावात कॅफे दोन आहेत.

शनिवार, १ फेब्रुवारी

साउंडवाला आणि मी पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत. एकमेकांच्या कामात पडायचं नाही हा करार आपोआप संपला होता. पोस्टरवर ‘थेट प्रक्षेपण’ लिहिलंय आणि त्याच्याकडे हॉलपासून स्टुडिओपर्यंत वायरच नाही, हे मला आदल्या दिवशी कळलं. ऐंशी मीटर दोन जोड्यांची शिल्डेड केबल, सहा कनेक्टर, एक जुना एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. घासाघीस करून सतराशे चाळीस. मिसळ वेगळी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

केबल झाडांवरून नेली, पेरूच्या फांदीला टांगून. जोडली आणि स्टुडिओत भलामोठा हूंऽऽऽ. हॉल आणि स्टुडिओ वेगवेगळ्या मीटरवर, दोघांचं अर्थिंग वेगळं. केबलची शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना जोडल्याने दोन अर्थिंगच्या मधे रस्ता तयार झाला आणि त्यातून मेनचा पन्नास हर्ट्झचा हम आत आला.

बँडच्या एकाने मिक्सरच्या तीन पिनांच्या प्लगची वरची, अर्थिंगची पिन काढायचा उपाय सांगितला. हम जातो म्हणे. लॅबचे सहायक सर त्याच्यावर ओरडले ते योग्यच झालं. ती पिन गेली आणि मिक्सरमध्ये कुठे गळती असली, तर माइकला ओठ लावणाऱ्या गायकाच्या अंगातून वीज जमिनीत जाते. कुणीही हे करू नका. प्लगला हात लावायचा नाही, जे करायचं ते ऑडिओच्या वायरीत. आम्ही स्टुडिओच्या टोकाला शिल्ड तोडली आणि मधे ट्रान्सफॉर्मर घातला. हम जवळजवळ गेला. उरलेला, केबल ट्यूबलाइटच्या चोकवरून चालली होती तिचा होता. दोन हात लांब सरकवली, संपला. चार तास.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रंगीत तालीम. या नोंदीतला खरा ऐवज इथे आहे.

हॉलमध्ये सगळं गोड वाजत होतं. साउंडवाल्याच्या हेडफोनमध्येही. सहज म्हणून मी कँटीनमध्ये मोबाइलवर इयरफोन लावून ९०.४ लावलं, तर भजन बुडत होतं. म्हणजे अक्षरशः बुडत होतं: टाळ वाजला की गायकाचा आवाज खाली जायचा, टाळ थांबला की वर यायचा. पाण्यात गटांगळ्या खाल्ल्यासारखं. मी धावत वर गेले, साउंडवाला म्हणाला, तुझा इयरफोन खराब आहे. मामांचा ट्रान्झिस्टर आणला. तोही बुडत होता.

कारण कळायला संध्याकाळ गेली. एफएममध्ये पाठवताना वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ संच ते तेवढेच उतरवतो, म्हणजे खरखर कमी होते. आपल्याकडे याचं माप पन्नास मायक्रोसेकंदाचं आहे. दहा किलोहर्ट्झच्या आसपास ही वाढ सुमारे दहा डेसिबल भरते. बोलण्यात त्या पट्टीत फारसं काही नसतं, म्हणून शेतीच्या कार्यक्रमात कधी जाणवलं नाही. टाळात तिथेच सगळं असतं. वाढवलेला टाळ लिमिटरला धडकतो, लिमिटर मर्यादा सांभाळायला सगळाच आवाज खाली ओढतो, आणि त्याबरोबर विठ्ठलही खाली जातो.

उपाय तीन. टाळकऱ्यांना गायकाच्या माइकपासून सहा पावलं मागे नेलं. प्रक्षेपणासाठी मिक्सरवर वेगळा ऑक्स सेंड (आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) केला, हॉलच्या स्पीकरपासून स्वतंत्र. आणि त्या वाटेवर पाच किलोहर्ट्झच्या वरचं सहा डेसिबलने कापलं. हॉलमध्ये टाळ खणखणीत, हवेत जरा मऊ. बँडच्या झांजांनाही तोच उपाय लागू पडला. टाळकरी थोडे दुखावले. त्यांना वाटलं मागे उभं केलं म्हणजे मान कमी झाला. मॅडमनी त्यांना सांगितलं, वारीतही टाळांचा आवाज लांबूनच गोड लागतो. चाललं.

यापुढे नियम: मिक्सरच्या हेडफोनवर विश्वास नाही. कुणीतरी एक जण खऱ्या रेडिओवर ऐकत बसलाच पाहिजे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पोलीस ठाण्याची परवानगी काल मिळाली. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. आमचा हॉल बंद आहे, तरीही साडेनऊला संपवायचं असं प्राचार्यांना लिहून दिलं होतं.

सहाचा कार्यक्रम सहा पंचवीसला सुरू झाला, कारण संबळ आली नव्हती. संबळवाला एका लग्नात अडकला होता. पण रेडिओवर सहाची वेळ दिलेली. निवेदिकेने (हो, तीच, खोकलेली) पंचवीस मिनिटं नुसतं बोलून काढली. मधे चाळीस सेकंद पूर्ण शांतता गेली, कारण साउंडवाल्याने तिचा माइक बंद करून हॉलची लाइन उघडली आणि हॉलमध्ये कुणीच काही बोलत नव्हतं. पुढच्या वेळी सुरुवातीची वीस मिनिटं भरायला काहीतरी रेकॉर्ड करून ठेवा.

बँड सुरू झाला आणि दुसऱ्याच गाण्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी. साउंडवाल्याने एकेक माइक बंद केला, शिट्टी जाईना. मग मला दिसलं: मामा पहिल्या रांगेत, मांडीवर ट्रान्झिस्टर, आवाज पूर्ण वर, ९०.४. आपलं केंद्र आपल्या हॉलमध्ये कसं ऐकू येतं ते शेजाऱ्याला दाखवत होते. माइक, ट्रान्समीटर, मनोरा, मामांची मांडी, पुन्हा माइक. मामांना बाहेर व्हरांड्यात खुर्ची दिली आणि खऱ्या रेडिओवर ऐकत बसायचं अधिकृत काम दिलं. ते त्यांनी फार मन लावून केलं. गिटारवाल्या मुलीचा आवाज कमी आहे हा निरोप त्यांनीच दोनदा आत पाठवला, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता.

तिचं तिसरं गाणं एस.टी. चुकल्याबद्दल होतं. हॉल अगदी शांत झाला होता. भजन शेवटी. टाळ बुडाला नाही.

साडेनऊच्या पाच मिनिटं आधी संपलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

दारात चिठ्ठ्या भरून घेतल्या होत्या: कसं कळलं? एकशेबारा चिठ्ठ्या. मित्रमैत्रिणींकडून अठ्ठावन्न. पोस्टर पाहून एकतीस. वर्गात सांगितलं म्हणून चौदा. रेडिओवर ऐकून नऊ. दहा दिवस दिवसातून सहा वेळा जाहिरात लावली होती. नऊ! मॅडम म्हणाल्या, ऐकणारे घरीच ऐकत बसले असतील. असेलही. एकतीसपैकी अकरांनी ‘दूध डेअरीतलं पोस्टर’ असं लिहिलंय.

मिक्सरवरचं रेकॉर्डिंग पहिली अकरा मिनिटं नाही. बटण उशिरा दाबलं. पण प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियम असल्याने स्टुडिओतलं लॉगर यंत्र कायम चालू असतं. त्यातून बँडचं पहिलं गाणं मिळालं, चाळीस सेकंदांच्या शांततेसकट.

दिवसभर आवारातली पोस्टरं काढली, उद्या परीक्षा. फळ्यांवरची टाचण्यांची निघाली. दोन ठिकाणी खळीने चिकटवली होती, ती मामांनी पाणी मारून आणि पत्र्याने खरवडून काढली. मोरचूद घातलेली खळ फार इमानदार असते. फ्रेम तिन्ही धुऊन कपाटामागे उभ्या ठेवल्यात. काळी शाई पाव डबा उरलीय, लाल संपली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी आवारात शिरले तर फाटकापासून हॉलपर्यंत दिशादर्शक बाण लावलेले. परीक्षा विभागाला ऐनवेळी कागद कमी पडले आणि मामांनी आमची काढलेली पोस्टरं दिली. मागच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने ‘बैठक क्रमांक’ आणि बाण. कागद पातळ आहे. प्रत्येक बाणाच्या मधोमध मागून लाल ठिपका दिसतोय.